मला यातलं काही येत नाही

कामावर जाताना औषधांच्या दुकानापुढच्या वळणावर मी रोज थांबते. बुटाची नाडी सुटलेली असो नसो, तिथल्या दगडाच्या कडेवर पाय ठेवायचा, नाडी आवळायची आणि पुढे जायचं, अशी तीस वर्षांची सवय आहे. दगड माझ्या वडिलांचा आहे. त्यावर पाय ठेवणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मी तीन वर्षांची असताना जो माणूस गेला, त्याच्याशी सलगी करायला दुसरी जागा तरी कुठे आहे? तर त्या मंगळवारी मी सवयीनं पाय उचलला आणि तो घसरला. करड्या, खडबडीत, कडा झिजलेल्या दगडाच्या जागी काळा, गुळगुळीत, आरशासारखा चकचकीत दगड उभा होता. त्यात आधी मला माझाच चेहरा दिसला, मग सोनेरी अक्षरं. वडिलांचं नाव, त्यांचा सैन्यातला क्रमांक आणि खाली एक लांबलचक ओळ: मातृभूमीसाठी रणांगणावर शत्रूशी झुंजताना वीरमरण. मी ती ओळ दोनदा वाचली. जुन्या दगडावर पाचच शब्द होते: युद्धात पकडला गेला. कैदेत मृत्यू. त्यातला एकही शब्द नव्या दगडावर उरला नव्हता. दुकानदार शटर वर करता करता म्हणाला, "छान झालाय नाही? काल रात्री बसवला. आता कसं भारदस्त वाटतं." मी मान हलवली. हो म्हणाले की काय, कोण जाणे. कोणीतरी आपल्या घरात शिरून सगळं सामान नीटनेटकं लावून ठेवावं आणि मग आपल्यालाच काही सापडू नये, तसं काहीतरी झालं होतं.

मी कवळ्या बनवते. शहरातले पाच-सहा दंतवैद्य माप पाठवतात. आमच्या खोलीत प्लास्टरचे जबडे फळ्यांवर ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नंबर. मेणाच्या पट्टीत एकेक दात गरम सुरीनं बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून पाहायचा, अर्ध्या केसाइतकं इकडेतिकडे झालं तरी माणूस जेवताना कुरकुरणार. हे काम हाताला यावं लागतं आणि ते माझ्या हाताला आहे. खोटी नम्रता कशाला? पण त्या दिवशी दुपारपर्यंत मी एका निवृत्त न्यायाधीशांच्या कवळीत दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले होते. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण ते बघून खो-खो हसली. "न्यायाधीश म्हणजे तराजू सरळ हवा ना गं?" मी पण हसले, मेण वितळवलं, पुन्हा सुरुवात केली. हात चालत होते आणि डोक्यात "कैदेत" हा एकच शब्द फिरत होता, जो आता तिथे नव्हता. गंमत म्हणजे लहानपणी हाच शब्द नाहीसा व्हावा म्हणून मी रोज मनोमन विनवण्या केल्या होत्या.

दगड बसवला तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडिलांबरोबर छावणीत असलेले आणि जिवंत परतलेले काही जण आमच्या घरी आले, आईशी हळू आवाजात बोलले आणि पुढच्या महिन्यात त्या वळणावर दगड आला. तिथेच का, तर सैन्यात जाण्याआधी वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते आणि त्या रस्त्यावरचे खांब त्यांनी उभे केले होते. मला वाचता यायला लागलं आणि त्याच सुमारास वर्गातल्या मुलांनाही. एकीचे काका तोफखान्यात गेले होते, एकाचे वडील पुलावरच्या लढाईत. माझे वडील कैदेत. "काय चोरलं होतं तुझ्या बाबांनी?" असं एका मुलीनं विचारलं, आणि ती काही दुष्टपणे विचारत नव्हती. तिच्या माहितीत कैदी म्हणजे चोर. मी म्हणाले, "ते आमचे बाबा नाहीतच. आमचे बाबा लढाईत गेले. नाव सारखं आहे एवढंच." इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा आयुष्यात बोलले नाही.

माझी आत्या तर त्या शब्दाचा रागराग करायची. वडील तिच्याहून दहा वर्षांनी लहान; तिनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. आपल्या हाताखाली वाढलेला पोरगा बंदुका रोखलेल्या माणसांपुढे हात वर करून उभा राहिला असेल, हे चित्र तिच्यानं सहन होत नसे. बातमी आली त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, ती आईला म्हणाली होती, "पकडला गेला म्हणजे शरणच गेला ना? आमच्या घरात असं कोणी केलं नव्हतं." आई तेव्हा चोवीस वर्षांची. तेव्हापासून त्या दोघींमध्ये एक दार लागलं ते लागलंच. येणं-जाणं होतं, आजारपणात डबे पोचवणं होतं, पण वडिलांचा विषय निघाला की दोघी मूग गिळून बसत.

मी दहा वर्षांची असताना एक दिवस दगडावरचा "कैदेत" हा शब्द गायब झाला. कोणीतरी अक्षरांत पुट्टी भरून वरून करडा रंग फिरवला होता, अगदी काळजीपूर्वक, कडेला कुठे डाग नाही. त्या ओळीत फक्त "मृत्यू" उरला होता. कोणी केलं हे विचारायची गरज नव्हती. आत्याच्या यजमानांचं रंगाचं दुकान होतं. मला हायसं वाटलं. पण दोन दिवसांनी शाळेतून येताना लांबूनच मला दिसलं: भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी, आई फुटपाथवर उकिडवी बसली होती आणि स्वेटर विणायच्या सुईनं एकेक अक्षर कोरत होती. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा. मध्येच फुंकर मारायची, बोटानं खाच चाचपायची, पुन्हा कोरायची. कोट घातलेला एक माणूस थांबला, काहीतरी बोलला. तिनं वर न बघताच उत्तर दिलं आणि तो निघून गेला. मी टपालपेटीच्या आड उभी होते. मला तिच्याजवळ जाता आलं असतं. निदान शेजारी उभं राहता आलं असतं. मी मागे वळले आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेले. संध्याकाळी तिच्या नखांत पांढरी पुट्टी होती. त्याबद्दल मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. नंतर आत्या आली, चहा प्याली, हवापाण्याच्या गप्पा मारून गेली. पुट्टी पुन्हा भरली गेली नाही.

खरं काय झालं होतं ते कळलं मी तेरा वर्षांची झाल्यावर. एका रविवारी सकाळी दारात एक बुटका माणूस उभा राहिला. एक पाय ओढत चालायचा. छावणीत तो सगळ्यांचे केस कापायचा, आमच्या माणसांचे आणि पहारेकऱ्यांचेही. इतकी वर्षं दुसऱ्या शहरात होता, आजारी होता, यायचं राहून गेलं, म्हणाला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि आधी बराच वेळ आमच्या भिंतीवरच्या टेलिफोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलंय का तो तिथे काय करायचा?"

"दगड फोडायचे, एवढं कळलंय," आई म्हणाली.

"दगड फोडायचा, कारण बाकी काही येत नाही असं त्यानं सांगितलं म्हणून."

मग त्यानं सांगितलं ते असं. छावणीच्या मागे डोंगर होता आणि डोंगरावर त्यांच्या तोफा. खालच्या ठाण्यापासून तोफांपर्यंत टेलिफोनची तार होती आणि ती सारखी तुटायची. तार चालू असली की खालून सांगणार आणि वरून गोळे नेमके आमच्या लोकांवर पडणार. त्यांचा तार जोडणारा माणूस मारला गेला होता. मग त्यांनी कैद्यांमध्ये शोध सुरू केला. ज्याला हे काम येईल त्याला आत शेकोटीजवळची जागा, दोन वेळचं गरम जेवण, घरी पत्र पाठवायची मुभा. एक अधिकारी सगळ्यांचे पाय तपासत फिरला. खांबावर चढताना लाइनमन पायांना लोखंडी आकडे बांधतात, त्यांचे वळ घोट्याच्या आतल्या बाजूला आयुष्यभर राहतात. वडिलांच्या पायावर ते होते. "हे काय?" त्यानं विचारलं. वडील म्हणाले, "मी बागेत कामाला होतो. झाडांवर चढून फळं उतरवायचो." इथे आई एकदम हसली. मी दचकलेच. "त्याला?" ती म्हणाली, "पिकलेलं कोणतं आणि कच्चं कोणतं तेसुद्धा कळत नव्हतं त्याला."

अधिकाऱ्याचा विश्वास बसला नाही. त्यानं एक बिघडलेला टेलिफोन आणून वडिलांच्या पुढ्यात ठेवला, पेचकस हातात दिला आणि समोर बसला. न्हावी तेव्हा त्याच अधिकाऱ्याची मान साबण लावून भादरत होता, म्हणून त्यानं सगळं पाहिलं. "वहिनी, मी हाताची माणसं ओळखतो. त्यानं पेचकस धरला आणि मला कळलं, हा येरागबाळा नाही. मग त्याचं त्यालाही कळलं की आपले हात सरावलेले दिसताहेत. त्यानं पेचकस मुठीत धरला, पोर चमचा धरतं तसा. मळसूत्र उलटं फिरवलं. तारेचं टोक भलत्याच जागी खुपसलं. कपाळावर असा घाम! भीतीचा नव्हे हो. काम मुद्दाम वाईट करायचा घाम. मग त्यानं ते यंत्र मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, मला यातलं काही येत नाही." अकरा महिने दर काही दिवसांनी त्याला आणून बसवायचे, कधी जेवण दाखवून, कधी लाथा घालून, आणि अकरा महिने तो हे एकच वाक्य बोलत राहिला. पहारेकरी त्यांच्या भाषेत त्याला ठोंब्या म्हणायचे. बराकीतले सगळे जाणून होते. खाणीतून परत येताना ते "ए ठोंब्या" म्हणून ओरडले की आमचे लोक खाली मान घालून चालायचे. कोणाला वाटेल शरमेनं, पण अभिमानानं फुललेले चेहरे लपवायचे होते.

दुसऱ्या हिवाळ्यात वडिलांच्या छातीत कफ भरला. ताप चढला. तापात बरळताना आपण तारा, खांब, जोडण्या असलं काही बोलून जाऊ, या धास्तीनं त्यांनी न्हाव्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, मी बोलायला लागलो की माझं तोंड धर. दोन दिवस तो त्यांच्या उशाशी बसला. "असा धरला होता," म्हणत त्यानं कप खाली ठेवला आणि हवेतच एक जबडा तळहातात घेतला, अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्या. "काही बोलला नाही. तोफांपर्यंतची तार शेवटपर्यंत अर्धा वेळ मुकीच होती." लोक विचारतील म्हणून सांगते, त्या हातामुळे मी जबड्यांच्या धंद्यात आले असं काही नाही, तंत्रशाळेत त्याच विषयाला जागा शिल्लक होती. पण काही दिवशी मापाचं प्लास्टर हातात घेते आणि अंगठा आपोआप त्या जागी जातो. मग काम थोडं थांबवावं लागतं.

न्हावी गेल्यावर मी आईला म्हणाले, "आत्याला सांगू या." आई कप विसळत होती. म्हणाली, "तिनं विचारलं तर सांगीन." आत्यानं कधी विचारलं नाही. ती विचारणार नाही हे आईला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात थोडा सूड होता, हेही मी आता म्हणू शकते. मीही कोणाला सांगितलं नाही. आधी आईकडे बघून, मग सवयीनं. बेचाळीस वर्षं ती गोष्ट आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडली नाही. त्या मंगळवारी न्यायाधीशांचे सुळे तिसऱ्यांदा काढताना मला एकाएकी कळून चुकलं की दगडावरचा शब्द कोणी पुसला असेल तर त्यात माझाही हात आहे.

नवा दगड कोणी बसवला ते दुकानदारानंच संध्याकाळी सांगितलं: "तुमच्या फरशीवाल्या भावानं. स्वतः उभा होता." आत्याचा मुलगा. पन्नाशीचा, गोलमटोल, घरात त्याला सगळे ढब्बू म्हणतात. त्याचं फरशांचं दुकान तिथून दहा मिनिटांवर आहे. मी शिरले तेव्हा तो एका जोडप्याला न्हाणीघराच्या फरशा दाखवत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "ताई! पाहिलास? खास मागवला. शंभर वर्षं रंग उडणार नाही. आईनं जाताना हातात हात घेऊन सांगितलं होतं गं, मामाचा दगड नीट कर म्हणून. तीन वर्षं राहूनच गेलं."

"शब्द का बदललेस?"

"बदलले म्हणजे काय? चांगले केले. कैदेत म्हटलं की लोक उगाच शंका काढतात. गेला बिचारा, आता त्याला तिथून सोडवायला नको का?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण "सोडवायला" या शब्दानं माझा सगळा जोर गेला. तो जोडप्याला "जरा बघा हं तुम्ही" म्हणाला आणि मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे खोक्यांमध्ये जुना दगड होता. उपटताना त्याचे दोन तुकडे झाले होते, चीर नेमकी अक्षरांतून गेलेली. मी एका खोक्यावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. पायावरचे वळ, मुठीत धरलेला पेचकस, ठोंब्या, जबडा. माझा आवाज मलाच परका वाटत होता. मी ही गोष्ट पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते. ढब्बू आधी उभा होता, मग तोही बसला. जोडपं बाहेरून हाका मारून कंटाळलं आणि निघून गेलं, तरी तो उठला नाही.

"आईला माहीत होतं?" त्यानं शेवटी विचारलं.

"नाही."

"ती मरेपर्यंत म्हणायची, माझा भाऊ शरण गेला नसेल, नसेलच. झोपेतसुद्धा. आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग का नाही सांगितलंत?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "चुकलं." त्यानं रुमालानं चेहरा पुसला, तुटलेल्या दगडाचा एक तुकडा सरळ केला आणि म्हणाला, "मामीला विचार, काय लिहायचं. ती सांगेल ते अक्षर न् अक्षर कोरतो. हा काळा दगड कापून मी दुसरीकडे लावीन."

आई आता शहात्तर वर्षांची आहे. दिसतं कमी, ऐकू येतं हवं तेवढं. तिच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची आहे. तिथे बसवून मी तिला सगळं सांगितलं, ढब्बूचा प्रश्नसुद्धा. ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "मी सांगायला हवं होतं. ती त्याची बहीण होती. मी तिला शिक्षा करत बसले आणि तो मधल्या मध्ये राहिला." असं ती कधी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिचा हात धरला. आणि मग इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं: न्हावी तर नंतर आला, मग त्याआधी, काहीच माहीत नसताना, ती सुईनं ती अक्षरं कशाला कोरत बसली होती? तिनं माझ्याकडे मान वळवली. मी पाहिलं होतं, हे तिला बहुधा त्या क्षणीच कळलं.

"तो मेला तिथे मेला," ती म्हणाली. "एकटा मेला. निदान कुठे ते तरी खरं राहू दे. तिथून उचलून त्याला दुसरीकडे ठेवणारी मी कोण?"

पाठकोऱ्या कागदावर मी मोठी अक्षरं काढत गेले आणि ती सांगत गेली. नावापुढे "शिपाई" लिहिलं तर म्हणाली, "ते खोड. शिपाई दीड वर्ष होता. लाइनमन नऊ वर्षं." वीर, शूर, अमर असं काही घालायचं का, विचारलं. "ते त्याला आवडलं नसतं. खांब तिरपा लागला की जेवायचा नाही तो. त्याचं काम लिही." चार दिवस ती ओळी घोळवत होती. मी जेवायला बसले की म्हणायची, "तो दुसरा शब्द काढ." मी कामावरून आले की, "घाल परत." ढब्बूनं करडा दगड निवडला, पॉलिश न केलेला, आणि पाथरवटाला दोनदा सांगितलं की अक्षरं खोल हवीत, पुट्टी भरता येणार नाही इतकी. तिसऱ्यांदा सांगायला गेला तेव्हा पाथरवट त्याला म्हणाला, "साहेब, मग तुम्हीच कोरा."

शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं तिथे गेलो. हार नाही, भाषण नाही, कोणाला बोलावलं नव्हतं. आईला ढब्बूनं गाडीतून उतरवलं. तिनं बोटांनी दगड चाचपला, वरून खाली, ओळीमागून ओळ. प्रत्येक अक्षराच्या खाचेत नख बुडतंय का ते पाहिलं. मग ढब्बूकडे वळून म्हणाली, "वाच." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुला सांगतेय." तो पुटपुटल्यासारखं वाचायला लागला, सरकारी नोटीस वाचावी तसं. मागून मालवाहू गाडी गेली.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाली. "मोठ्यानं."

त्यानं घसा साफ केला. मामाचं नाव वाचलं आणि तिथेच अडकला, पुन्हा वाचलं. मग एकेक ओळ, सावकाश: "टेलिफोन लाइनमन. युद्धात पकडला गेला. शत्रूची तार जोडायला सांगितली. हाताला काम येत होतं. येत नाही म्हणाला. अकरा महिने. कैदेत मृत्यू." औषधांचा दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला. पिशव्या घेतलेली एक बाई चालता चालता थांबली, तिच्या मागून येणारे दोघे थांबले. "कैदेत" म्हणताना ढब्बूचा आवाज आधी कधी नव्हता इतका मोठा झाला होता, रस्त्याच्या पलीकडे जाईल असा. वाचून संपलं तरी तो थांबला नाही. पिशवीवाल्या बाईकडे वळला, कोणी काही विचारलं नव्हतं तरी, आणि छाती भरून म्हणाला, "माझा मामा."